'ॲक्सेस इज डिनाइड': विंडोजमध्ये फोल्डर उघडेना तेव्हा आधी काय पाहायचं, मग काय करायचं

संगणक आपला, पैसे आपण मोजलेले, पासवर्डही आपलाच. तरी एखाद्या फोल्डरवर दोनदा क्लिक केलं की 'ॲक्सेस इज डिनाइड' अशी चौकट समोर येते आणि डोकं फिरतं. इंटरनेटवर शोधलं तर पाच मिनिटांत उपाय सापडतो: मालकी आपल्याकडे घ्या, 'फुल कंट्रोल' द्या, मोकळे व्हा. काही ठिकाणी हा उपाय अगदी बरोबर आहे. काही ठिकाणी मात्र त्यानंच चांगली चालणारी विंडोज बिघडते. आपला मामला कुठल्या प्रकारातला, हे ठरतं एकाच प्रश्नावर: तो फोल्डर मुळात कोणाचा?

पुढची माहिती विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, पण म्हणून घरातला जुना पीसी कोणी फेकून देत नाही. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच, देवनागरीत दिली आहेत. कमांड मात्र रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लॅपटॉप हिंजवडी-खराडीतल्या कंपनीनं दिलेला असेल तर यातलं काहीही करू नका. तिथल्या परवानग्या कंपनीच्या सर्व्हरवरून ठरतात. आयटीकडे तिकीट टाका आणि चहा प्यायला जा.

पायरी १: संदेश शेवटपर्यंत वाचा

सगळे नकार सारखे नसतात. लोक चौकट दिसली की वाचायच्या आधीच बंद करतात, आणि नेमकी उपयोगाची माहिती तिच्यातच असते.

'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन' असं म्हणून खाली 'कंटिन्यू'चं बटण दिलं असेल, तर विंडोज तुम्हाला आत जाऊ द्यायला तयार आहे. पण त्याच वाक्यात पुढे 'परमनंटली' हा शब्द आहे, तो नजरेतून सुटतो. बटण दाबलं की तुमचं खातं त्या फोल्डरच्या आणि आतल्या सगळ्याच्या परवानगी-यादीत कायमचं घातलं जातं. 'एकदा डोकावून बघतो' असा प्रकार इथे नाही.

'यू रिक्वायर परमिशन फ्रॉम ट्रस्टेडइन्स्टॉलर' असं आलं तर ती फाइल विंडोजची स्वतःची आहे. ट्रस्टेडइन्स्टॉलर हा कोणी माणूस नाही आणि व्हायरसही नाही. विंडोजचे भाग बसवणारी आणि अपडेट करणारी ती एक सेवा आहे, आणि व्हिस्टा या २००७ च्या आवृत्तीपासून विंडोजच्या बहुतेक मूळ फाइलींची मालकी तिच्या नावावर असते.

'डेस्टिनेशन फोल्डर ॲक्सेस डिनाइड' हा सौम्य प्रकार. तुम्ही कुठेतरी काहीतरी कॉपी करताय आणि तिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची संमती लागते, एवढाच त्याचा अर्थ.

'फाइल इन यूज' हा तर परवानगीचा प्रश्नच नाही. कुठल्यातरी प्रोग्रॅमनं ती फाइल धरून ठेवली आहे. तो बंद करा, नाहीतर पीसी रीस्टार्ट करा. इथे मालकी बदलून काही साधत नाही.

पायरी २: तुम्ही कोण आहात ते पाहा

सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग 'युअर इन्फो'. नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलंय का? नसेल तर तुमचं खातं साधं आहे आणि अनेक ठिकाणी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जाणारच. घरात हे खातं बहुधा ज्यानं पहिल्यांदा पीसी सुरू केला त्याचं असतं.

आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं असूनही नकार आला तर? गोंधळ होतो तो इथेच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगइन केलं तरी रोजची कामं विंडोज साध्या अधिकारांनीच चालवते. पूर्ण अधिकार हवे असतील तेव्हा पडदा काळवंडून 'यस' की 'नो' असं विचारलं जातं. या व्यवस्थेला यूजर अकाउंट कंट्रोल म्हणतात आणि तीही व्हिस्टाबरोबरच आली. शिवाय पूर्ण अधिकार मिळाले तरी प्रत्येक फोल्डर आपोआप उघडत नाही. सोसायटीचा चेअरमन झाला म्हणून प्रत्येक फ्लॅटची किल्ली त्याच्या खिशात येत नाही, तसंच हे.

व्यवहारात याचा एक नमुना म्हणजे होस्ट्स फाइल, म्हणजे वेबसाइटचं नाव कुठल्या पत्त्याकडे न्यायचं हे सांगणारी साध्या मजकुराची फाइल. ती विंडोजमधल्या सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत असते. एक्सप्लोररमधून उघडली, बदल केला आणि सेव्ह करायला गेलात की नकार. उपाय सोपा: स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या आणि नोटपॅडच्या फाइल मेनूतून ती फाइल उघडा. उघडताना खाली 'ऑल फाइल्स' निवडायला विसरू नका, कारण या फाइलीला एक्स्टेन्शन नाही. परवानग्यांना हात न लावता काम झालं. जिथे 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं भागतं तिथे मालकी बदलणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

पायरी ३: फोल्डर कोणाचा ते पाहा

फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'सिक्युरिटी'चा टॅब, खाली 'ॲडव्हान्स्ड'. वरच्या ओळीत 'ओनर' दिसेल. नुसतं पाहिल्यानं काही बिघडत नाही, तेव्हा इथे बिनधास्त फिरा. खालच्या यादीत कोणाला काय करता येतं ते लिहिलेलं असतं. 'डिनाय' आणि 'अलाउ' एकाच पातळीवर दिलेले असतील तर डिनाय भारी पडतो. याच खिडकीत 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅब आहे. तिथे आपलं नाव निवडून 'व्ह्यू इफेक्टिव्ह ॲक्सेस' दाबलं की शेवटी हाती काय लागतं ते हिरव्या-लाल खुणांनी समोर येतं. यादी वाचून डोकं दुखवून घेण्यापेक्षा हे बरं.

ओनर म्हणून काय दिसलं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ट्रस्टेडइन्स्टॉलर किंवा सिस्टिम दिसलं तर थांबा. तुमचं किंवा घरातल्या कोणाचं नाव दिसलं तर मार्ग सोपा. आणि एस-१-५-२१ नं सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला, तर तो बहुधा दुसऱ्या विंडोजवरचा किंवा काढून टाकलेला वापरकर्ता आहे. विंडोज माणसं नावानं ओळखत नाही, अशा क्रमांकानं ओळखते. फॉरमॅट करून पुन्हा तेच नाव, तोच पासवर्ड ठेवलात तरी क्रमांक नवा पडतो, आणि म्हणून स्वतःचाच जुना फोल्डर परका होतो.

जे उघडायचेच नाहीत

'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हा सी ड्राइव्हवरचा फोल्डर नव्यांना सगळ्यात जास्त छळतो. खरं म्हणजे तो फोल्डरच नाही. एक्सपीच्या काळात सगळ्यांची कागदपत्रं तिथे असायची. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ती जागा 'यूजर्स'नं घेतली आणि जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून जुन्या नावाचा एक दुवा मागे ठेवला. प्रोग्रॅमला त्या दुव्यातून पलीकडे जाता येतं, पण त्यातली यादी पाहायला सगळ्यांनाच मनाई आहे, तीही मुद्दाम. तुमच्या प्रोफाइलमधले (म्हणजे 'यूजर्स'मधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरातले) 'ॲप्लिकेशन डेटा', 'लोकल सेटिंग्ज', 'माय डॉक्युमेंट्स', 'सेंडटू' हे त्याचेच भाऊबंद. ते पुसट दिसतात आणि चिन्हावर छोटा बाण असतो. ही मनाई काढली तर काय होतं? ॲपडेटामधल्या 'लोकल'च्या आत एक 'ॲप्लिकेशन डेटा' आहे आणि तो पुन्हा 'लोकल'कडेच नेतो. एखादा भाबडा बॅकअप प्रोग्रॅम त्यात शिरला तर गोल गोल फिरत बसतो.

मुळात हे दुवे दिसायलाच नकोत. दिसत असतील तर कोणीतरी फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' टॅबमधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढली आहे. ती परत लावा, प्रश्न संपला. तुमची कागदपत्रं 'यूजर्स'मध्ये जागच्या जागी आहेत.

'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'च्या मागे लोक लागतात ते जागेपायी. त्यात रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी, वगैरे असतात. जागा हवी असेल तर स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा आणि 'कॉन्फिगर'मधून मर्यादा कमी करा किंवा जुने पॉइंट पुसा. 'विंडोज डॉट ओल्ड', म्हणजे अपग्रेडनंतर मागे उरलेली जुनी विंडोज, हाताने पुसू नका. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'खाली 'टेम्पररी फाइल्स'मध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करून पुसा. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपण होऊनही काढते. प्रोग्रॅम फाइल्समधला 'विंडोजॲप्स' स्टोअरमधल्या ॲपचा. त्याच्या परवानग्या बदलल्या की ती ॲप उघडेनाशी होऊ शकतात. ॲप नको असेल तर सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा.

फाँट आणि जुने हिशेबाचे प्रोग्रॅम

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीचं काम करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मराठी फाँटचा गठ्ठा विंडोजमधल्या 'फाँट्स'मध्ये टाकायला जावं आणि साध्या खात्यावर परवानगी मिळू नये. किंवा फाँट बसलाय असं दिसतं, पण दुसऱ्या खात्यावर किंवा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. कारण असं की २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या 'इन्स्टॉल'नं फाँट फक्त तुमच्या प्रोफाइलमध्ये जातो. तो सगळ्यांसाठी हवा असेल तर फाँटच्या फाइलीवर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या. विंडोज ११ मध्ये तो पर्याय लगेच दिसला नाही तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा. ॲडमिनिस्ट्रेटरची संमती लागेल. फाँट्स फोल्डरची मालकी घ्यायची गरज पडत नाही.

दुसरा पेच जुन्या हिशेबाच्या किंवा दुकानदारीच्या प्रोग्रॅमचा. असे प्रोग्रॅम आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. एक्सपीवर बहुतेक सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत, म्हणून ते खपून गेलं. आता एकतर नकार मिळतो, नाहीतर त्याहून फसवं काहीतरी होतं: विंडोज ते लिखाण गुपचूप तुमच्या प्रोफाइलमधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'कडे वळवते. मग सकाळी एकानं टाकलेली बिलं संध्याकाळी दुसऱ्या खात्यावर दिसत नाहीत आणि दुकानात वाद सुरू होतात. असं झालं तर आधी व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहा, 'गेलेला' डेटा बहुधा तिथेच असतो. कायमचा उपाय म्हणजे डेटाचा बॅकअप घेऊन प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर थेट नवा फोल्डर करून त्यात बसवणं. तसं जमत नसेल तर त्याच्या फक्त डेटाच्या फोल्डरवर 'यूजर्स' गटाला 'मॉडिफाय' द्या. अख्ख्या प्रोग्रॅम फाइल्सवर 'एव्हरीवन फुल कंट्रोल' देऊन मोकळे होणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत. त्यांना पुन्हा बोलावू नका.

जुन्या पीसीची हार्डडिस्क

इथे मात्र मालकीचा उपाय रास्त आहे, आणि यावर थोडा वेळ घालवू.

जुना पीसी बंद पडला, डिस्क काढली, तपकीर गल्लीतून यूएसबीला जोडायचं एन्क्लोजर आणलं, नव्या लॅपटॉपला लावलं. डिस्क ई ड्राइव्ह म्हणून दिसते, 'यूजर्स' उघडतं, आतला आपल्या नावाचा फोल्डर मात्र अडतो. आधी तीन गोष्टी पाहा. डिस्क कटकट आवाज करते का? करत असेल तर काहीच न बदलता थांबा. फोटो अमोल असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दुसरं, ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह आहे का? मग ते बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आहे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगइन करत असाल तर ती बहुधा त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. तिसरं, काही फाइलींवरच छोटं कुलूप दिसतं का किंवा त्यांची नावं हिरवी आहेत का? त्या फाइली जुन्या विंडोजनं कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केल्या आहेत. तिथलं सर्टिफिकेट नसेल तर मालकी घेऊनही त्या उघडत नाहीत.

यातलं काही नसेल तर माझी पहिली पसंती आहे परवानग्या न बदलता कॉपी करण्याला. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड आधीपासूनच असते. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या, आणि या क्रमानं टाइप करा: रोबोकॉपी, मग ज्यातून घ्यायचं त्या फोल्डरचा पत्ता, मग ज्यात टाकायचं त्याचा पत्ता. नावात मोकळी जागा असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात. त्यानंतर हे पर्याय, प्रत्येकाआधी एक तिरकी रेघ: 'ई', 'बी', 'एक्सजे', 'आर' अपूर्णविराम १, 'डब्ल्यू' अपूर्णविराम १.

'ई' म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. 'बी' म्हणजे बॅकअपच्या अधिकारानं वाचणं, म्हणजे परवानगी-यादी बाजूला ठेवून. सगळी मेख यातच आहे. 'एक्सजे' वर सांगितलेले दुवे वगळतो, तो विसरलात तर ते गोल फिरणं तुमच्या वाट्याला येईल. शेवटचे दोन का? एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते, तेही दर वेळी ३० सेकंद थांबून. दोन्ही १ वर आणले की ती तक्रार नोंदवून पुढे सरकते. नव्या जागी गेलेल्या फाइलींना तिथल्या परवानग्या लागतात, म्हणून त्या तुम्हाला सहज उघडतात, आणि जुनी डिस्क होती तशीच राहते.

कमांडची भीती वाटत असेल तर माऊसनं असं करा. ई ड्राइव्हवरच्या तुमच्या फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. ओनरच्या शेजारी 'चेंज'. चौकटीत आत्ताच्या लॅपटॉपवरचं आपलं नाव लिहा आणि 'चेक नेम्स' दाबा. नाव सापडलं की त्याखाली रेघ येते. नेमकं नाव माहीत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूअॅमआय' ही कमांड द्या, स्पेलिंग इंग्रजीतल्या 'मी कोण' या तीन शब्दांचं, सलग. उत्तरात उलट्या तिरक्या रेघेनंतर येतं ते तुमचं नाव. ओके केल्यावर ओनरखाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' असा नवा चौकोन उगवतो. त्यावर खूण करा, 'अप्लाय' दाबा. फाइली भरपूर असतील तर याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा, परत ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'ॲड' करून स्वतःला परवानगी द्या आणि 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज'वर खूण करून ओके करा.

हे फक्त आपल्या नावाच्या फोल्डरवर. अख्ख्या ई ड्राइव्हवर नको, आणि सी ड्राइव्हवर तर मुळीच नको.

फोल्डर उघडतो, पण सेव्ह होत नाही

डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये एकच ठरावीक प्रोग्रॅम सेव्ह करू शकत नाही आणि बाकीचे करतात, असं असेल तर परवानग्यांकडे पाहूच नका. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'. तिथे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का पाहा. मुळात ते बंद असतं, पण कोणीतरी सुरक्षिततेसाठी चालू केलेलं असू शकतं. 'अलाउ ॲन ॲप'मधून त्या प्रोग्रॅमला मोकळीक द्या. पूर्ण सोय बंद करायची गरज नाही.

आधीच उलटसुलट केलं असेल तर

विंडोज किंवा सिस्टिम३२ ची मालकी आधीच स्वतःकडे घेतली असेल तर आता 'रीसेट'च्या कमांडी मारत सुटू नका. त्या फोल्डरांच्या मूळ परवानग्या फाइलीगणिक वेगळ्या असतात. एकसारख्या करून टाकल्या की आणखी बिघडतं. एखाद्याच फाइलीचा प्रश्न असेल तर ओनरच्या 'चेंज'मध्ये 'एनटी सर्व्हिस', मध्ये उलटी तिरकी रेघ, मग 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' असं लिहून मालकी परत देता येते. स्वतःला दिलेली जादा परवानगीही काढून टाका. एसएफसी ही कमांड 'स्कॅननाऊ' या पर्यायासह (त्याआधीही तिरकी रेघ) चालवली तर बिघडलेल्या सिस्टिम फाइली दुरुस्त होतात, पण परवानग्या पूर्ववत होतील यावर विसंबू नका. गोंधळ मोठा असेल तर महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा आणि आहे त्यावरच विंडोज पुन्हा बसवा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, 'रिकव्हरी'खाली 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आहे. त्यात तुमच्या फाइली आणि प्रोग्रॅम तसेच राहतात.

पुढच्या वेळी कुठल्याही फोल्डरच्या परवानग्या बदलण्याआधी त्यांची नोंद काढून ठेवता येते. कमांडचं नाव आय-सी-ए-सी-एल-एस, त्यापुढे फोल्डरचा पत्ता आणि 'सेव्ह' हा पर्याय व नोंदीच्या फाइलीचं नाव. आतलं सगळंही हवं असेल तर शेवटी 'टी'. इथेही प्रत्येक पर्यायाआधी तिरकी रेघ. परत आणताना त्याच कमांडला 'रिस्टोअर' आहे.

आणि यातूनही सुटलं नाही, मदत मागायची वेळ आली, तर चार गोष्टी हाताशी ठेवा: फोल्डरचा पूर्ण पत्ता, संदेशातला शब्द न् शब्द, तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर आहे की साधं, आणि ओनरच्या ओळीत काय दिसतं. विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस एकत्र दाबून चौकटीचा फोटो काढता येतो, तो पाठवला तर उत्तमच. 'अहो, तो फोल्डर उघडतच नाहीये' एवढं फोनवर ऐकून पलीकडचा माणूस फक्त 'रीस्टार्ट करून बघा' असंच म्हणू शकतो.